बारावीचा दाखला आणि विद्यापीठाचे दार

(जुना जालना येथे शेतकरी व कारागीर पालकांच्या बैठकीत एका खेड्यातील प्राथमिक शिक्षकाने केलेले भाषण)



कोणी वेचणी सोडून, कोणी भाता थंड ठेवून, कोणी चाक थांबवून येथे आला आहात. एका दिवसाची मजुरी बुडणे म्हणजे काय, हे आम्हांला ठाऊक आहे. तेव्हा पाल्हाळ न लावता विषयाला हात घालतो.

आपल्या घरोघरी एक समज आहे. लेकरू दहावीतून निघाले, बारावी पास झाले, चांगले मार्क पडले, की कॉलेजचे दार उघडले. हा समज अर्धा खरा आहे आणि अर्धा जुना झाला आहे. जो अर्धा जुना झाला त्याची खबर आपल्याला कोणी दिली नाही. ती ज्यांना द्यावयाची त्यांना वेळेवर मिळाली. आपल्याला मिळते ती निकाल लागल्यावर, अर्जाची मुदत संपल्यावर, सायबर कॅफेवाला सांगतो तेव्हा. म्हणून आज हे बोलणे.

ही परीक्षा मुळात आली कोठून, ते आधी पाहू. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले आणि १८५९ साली त्याने पहिली प्रवेशपरीक्षा घेतली. तिलाच आपले आजे-पणजे मॅट्रिक म्हणत. रानडे, भांडारकर ही मंडळी त्या पहिल्या परीक्षेत उतरलेली. म्हणजे ती परीक्षा शाळेची नव्हती, विद्यापीठाची होती. विद्यापीठाने आपल्या दाराला एक उंबरठा केला व तो ओलांडील त्याने आत यावे असे ठरविले. पण पुढे झाले काय, की तमाम इंग्रजी शाळा त्या उंबरठ्याकडे तोंड करून बसल्या. ज्याला कॉलेजात जावयाचे नाही, ज्याला पेठेत वही लिहावयाची किंवा वडिलांच्या शेतात राबावयाचे, त्यालाही तेच शिकावे लागले.

१८८२ साली हंटरसाहेबांचे कमिशन आले तेव्हा महात्मा जोतीराव फुल्यांनी त्यापुढे निवेदन ठेवले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून निघतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या मुलांवर होतो, हे त्यांचे गाऱ्हाणे सर्वांना ठाऊक आहे. त्याच निवेदनातील दुसरी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. घरी राहून, खाजगी अभ्यास करून जो तयारी करील त्यालाही विद्यापीठाने बी.ए., एम.ए. च्या परीक्षांना बसू द्यावे, असे जोतीरावांनी सुचविले होते. आणि शिष्यवृत्त्यांची पद्धत अशी आहे की ज्यांच्या घरी आधीच विद्येची गोडी आहे त्यांनाच ती आणखी देते, हेही त्यांनी स्पष्ट म्हटले. दीडशे वर्षांपूर्वी एका माळ्याने परीक्षेच्या यंत्रातील नेमकी कळ ओळखली होती. परीक्षा सर्वांना सारखी असते. तयारीची सोय सारखी नसते. आज आम्ही जे बोलणार आहोत ते याहून फार वेगळे नाही.

ही झाली मुंबई इलाख्याची हकीकत. आपले जालने त्या इलाख्यात नव्हतेच. आपण निजामाच्या राज्यात होतो. कुंडलिकेच्या या काठचा मुलगा मॅट्रिक होऊन पुढे जावयाचा म्हणजे गोदावरी खोऱ्याच्या रेल्वेत बसून त्याला औरंगाबाद नाही तर थेट हैदराबाद गाठावे लागे. हैदराबादेस १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले. देशी भाषेत उच्च शिक्षण देणारे ते मोठे विद्यापीठ, म्हणून त्याचे कौतुक करतात, आणि ते खोटे नाही. पण ती देशी भाषा उर्दू होती. रियासतीत मराठी, तेलुगू, कानडी बोलणारी प्रजा बहुसंख्य आणि विद्यापीठाची भाषा उर्दू. मराठी घरातील लेकराने घरी एक भाषा बोलावी, वरच्या शाळेत दुसऱ्या भाषेत भूगोल-गणित घोकावे आणि तिसऱ्या भाषेत, म्हणजे इंग्रजीत, नोकरीचा अर्ज लिहावा. औरंगाबादेस १९२३ साली कॉलेज निघाले तेही उस्मानियाच्याच कक्षेत.

१९३८ च्या नोव्हेंबरात काय झाले ते येथल्या तरुणांनी जरूर वाचावे. औरंगाबादच्या त्या कॉलेजातील विद्यार्थ्यांनी वसतिगृहात वंदे मातरम् म्हटले, त्यांच्यावर बंदी आली, त्यांनी माघार घेतली नाही, आणि हे लोण हैदराबादपर्यंत जाऊन शेकडो विद्यार्थ्यांची नावे उस्मानियाने काढून टाकली. आता एका विद्यापीठाने काढलेल्या मुलांना दुसरे कोण घेणार? नागपूर विद्यापीठाने घेतले. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले नरसिंह राव त्यांतलेच. या गोष्टीकडे आम्ही एवढ्यासाठी लक्ष वेधतो, की प्रवेशाचा नियम ही काही आकाशातून पडलेली वस्तू नव्हे. माणसे तो करतात आणि माणसे तो बदलतात. एका विद्यापीठाने दार लावले आणि दुसऱ्याने उघडले; मुले तीच होती, त्यांचे गुणही तेच होते.

पोलीस ॲक्शन १९४८ ला झाली, १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९५८ च्या ऑगस्टात औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. त्याच्या आधी १९५० सालीच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेस कॉलेज काढले होते. तेच मिलिंद महाविद्यालय. आज विद्यापीठालाही बाबासाहेबांचेच नाव आहे.

बाबासाहेबांचे नाव निघालेच आहे तर त्यांच्या मॅट्रिकचे सांगतो. १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कुलातून ते ही परीक्षा पास झाले. साडेसातशेपैकी २८२ गुण. शेकडा अडतीससुद्धा भरत नाहीत. पण त्या वेळी ती उंबरठ्याची परीक्षा होती. उंबरठा ओलांडला, आत गेले. चाळीत सत्कार झाला, केळुसकर गुरुजींनी त्यांना आपले बुद्धचरित्र दिले, पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची मदत मिळाली, १९१३ ला ते कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्या २८२ गुणांवर आज एखाद्या पोराने नावाजलेल्या ज्युनिअर कॉलेजात अकरावी सायन्सचा अर्ज केला तर यादीत त्याचे नाव कितव्या पानावर लागेल, याचा विचार तुम्हीच करा.

येथे आमच्या बोलण्याचा गाभा आहे, म्हणून जरा थांबतो. परीक्षा दोन जातीच्या असतात. एक उंबरठ्याची : अमुक इतके येते ना, मग ये आत. दुसरी रांगेची : तुला किती येते याला महत्त्व नाही, तुझ्यापुढे किती जण उभे आहेत ते सांग. कुस्तीच्या फडात आणि जनावराच्या बाजारात जो फरक आहे तोच समजा. फडात मल्लाने समोरच्याला चीत केले की नारळ मिळाला. बाजारात तुमचा बैल कितीही उमदा असो, त्या दिवशी त्याच्याहून उमदे शंभर आले की भाव पडला. बारावीची परीक्षा मूळची उंबरठ्याची. जागा थोड्या आणि उमेदवार फार झाले तेव्हा तिलाच रांगेची केली, आणि ते काम तिला पेलेना म्हणून रांगेसाठी वेगळ्याच परीक्षा आल्या.

आपल्याकडे दहा अधिक दोन अधिक तीन ही पद्धत १९७५-७६ च्या सुमारास लागू झाली आणि बारावीचा निकाल डॉक्टरकी-इंजिनिअरिंगची किल्ली होऊन बसला. त्या काळात आपल्या मराठवाड्यातील लातूरने चमत्कार केला. पुण्या-मुंबईच्या मुलांची मक्तेदारी मोडून लातूरची मुले गुणवत्ता यादीत झळकू लागली आणि ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द महाराष्ट्रभर झाला. मागासलेला म्हणून हिणवलेल्या मुलखाने दाखविले की पोरांच्या डोक्यात कमतरता नाही. याचा आम्हांला अभिमान आहे. त्या पॅटर्नच्या मागे मागे जो बाजार उभा राहिला त्याचा नाही.

विसावे शतक सरता सरता राज्याची सीईटी आली. मध्ये २०१४ व २०१५ या दोन वर्षी इंजिनिअरिंगला निम्मे गुण बारावीचे आणि निम्मे केंद्राच्या जेईई परीक्षेचे, असा हिशेब झाला. २०१६ पासून तोही गेला आणि राज्याची सीईटीच राहिली. वैद्यकीला २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाचा हुकूम झाला आणि २०१७ पासून महाराष्ट्रात एमबीबीएसचा प्रवेश नीट या एकट्या परीक्षेवर आहे. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी मिळून खुल्या वर्गाला शेकडा ५० आणि राखीव वर्गाला शेकडा ४० पडले म्हणजे झाले. पुढे ९५ पडले काय आणि ६० पडले काय, रांगेत तुमचे स्थान ठरविणार नीटच. इंजिनिअरिंगला तसेच शेकडा ४५ आणि ४० ची अट. म्हणजे बारावी पुन्हा उंबरठा झाली, पण तो ओलांडून आत पाहावे तो आणखी एक भिंत.

या भिंतीची उंची ऐका. २०२४ साली देशात २३ लाखांवर मुलांनी नीट दिली. एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर. तीन तासांत १८० प्रश्न, एकूण ७२० गुण, बरोबर उत्तराला चार, चुकीला एक वजा. प्रश्न सुटणे पुरेसे नाही. झटक्यात सुटला पाहिजे. झटका सरावाने येतो, सरावाला दोन वर्षे लागतात, आणि ती दोन वर्षे विकत मिळतात. कोटा, लातूर, नांदेड, संभाजीनगर, जेथे जाल तेथे ही दुकाने आहेत. ज्याच्या घरी मोसंबीची बाग पाण्यावर आहे तो ती घेतो. ज्याच्या घरी दोन एकर कोरडवाहू आहे तो एक एकर विकून घेतो. ज्याच्या घरी तेही नाही, मंठा-परतूर-घनसावंगीकडचा जो कोयता घेऊन ऊसतोडीला जातो, त्याचे लेकरू बारावीची परीक्षा फेब्रुवारीत देते तेव्हा आईबाप अजून कारखान्याच्या कोपीत असतात. त्याच्या तयारीचा हिशेब कोणत्या खात्यात धरावयाचा?

पूर्वी जोतीरावांच्या वेळी भिक्षुकशाही होती. पोथी त्यांच्या हाती, अर्थ त्यांच्या हाती, आणि आपण बाहेर बसून दक्षिणा द्यावयाची. आज क्लासशाही आहे. पुस्तक बाजारात मिळते, प्रश्न छापून येतात, पण ‘आमच्या मांडवाखालून गेल्याशिवाय पोराचे भले नाही’ असा धाक घराघरांत बसविला आहे. आणि ही दक्षिणा पुढारी, व्यापारी, भट, मराठा सर्व जातींचे लोक आज गोळा करतात, हेही खरे बोलावयास हवे. आपल्यातलाच माणूस दुकानात बसला म्हणून दुकानाचे देऊळ होत नाही.

आणखी एक प्रकार चालतो, तोही सांगतो. मुलाचे नाव खेड्यातील ज्युनिअर कॉलेजात, मूल शहरातील क्लासात. हजेरी इकडे लागते, अभ्यास तिकडे होतो. खेड्यातील कॉलेजला पट मिळतो, क्लासला फी मिळते. मग प्रयोगशाळेचे कुलूप कोण उघडील? जी मुले खरोखर त्या कॉलेजात बसलेली असतात, म्हणजे तुमची आमची, त्यांना शिकविण्याची गरजच कोणाला उरत नाही.

आता जालन्यापुरते बोलतो. २०२४ च्या ऑक्टोबरात राज्यात दहा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत आपले जालना एक. शंभर जागा. पेढे वाटले गेले. पण या जागांपैकी शेकडा १५ देशाच्या यादीतून आणि बाकीच्या राज्याच्या एकाच यादीतून भरावयाच्या. पूर्वी महाराष्ट्रात ७०:३० चा नियम होता. ७० जागा त्या त्या विभागाच्या मुलांना, ३० राज्यभराला. मराठवाड्यात कॉलेजे थोडी, त्यामुळे तो नियम आपल्याला जाचत होता. मराठवाड्यातूनच त्याविरुद्ध ओरड झाली आणि २०२० साली तो रद्द झाला. त्यात आपल्या गुणवान मुलांचा फायदाच झाला, याबद्दल आमचे दुमत नाही. पण अर्थ ध्यानात घ्या : दवाखाना जालन्यात बांधला म्हणून त्यात जालन्याची लेकरे शिकतील, असे मुळीच नाही. शिकतील ती यादीत येतील तेथली.

आपला जिल्हा आरक्षणाच्या चळवळीने सगळ्या देशाला माहीत झाला. २०२३ साली अंबड तालुक्यातील आंतरवाली सराटीतून जे वादळ उठले त्याच्या बऱ्यावाईटात आम्ही आज शिरत नाही. या सभेत दोन्ही बाजूंची माणसे बसली आहेत आणि दोघांचीही पोरे आमच्या वर्गात एकाच सतरंजीवर बसतात. एवढेच विचारतो : राखीव जागेचा दाखला खिशात आहे, पण रांगेपर्यंत पोहोचणारे मूलच घरात तयार झाले नाही, तर त्या दाखल्याचे काय लोणचे घालावयाचे?

मग काही शहाणे म्हणतात, या प्रवेशपरीक्षाच बंद करा आणि पूर्वीसारखे बारावीचे गुण धरा. ऐकायला गोड आहे. पण बंधूंनो, येथे आम्हांला आपल्याच पदरातले निखारे दाखविणे भाग आहे. बारावीच्या गुणांवरचा विश्वास कोणी घालविला? फेब्रुवारी-मार्चात परीक्षाकेंद्राच्या भिंतीवर चढून खिडकीतून चिठ्ठ्या टाकणारे कोण असतात? आपलेच भाऊ, आपलेच मामा, गावातले तालेवार तरुण. १९८२ साली याविरुद्ध राज्याने कायदा केला, दरसाल कॉपीमुक्त अभियान निघते, भरारी पथके येतात, आणि तरी शिक्षकाला दम देऊन ‘पोरांचं नुकसान करू नका गुरुजी’ असे सांगणारे गावोगाव आहेत. नुकसान कोणाचे होते ते पाहा. शहरातील पैसेवाल्याच्या मुलाला बारावीच्या गुणांची गरजच नाही; त्याच्याकडे क्लास आहे. खेड्यातील हुशार पण गरीब मुलीजवळ बारावीचे खरे गुण हीच एक पुंजी होती. खोट्या नाण्याने बाजार भरला की खरे नाणेही कोणी घेत नाही. ‘तुमच्या मार्कांवर आमचा भरवसा नाही’ असे सरकारला म्हणता आले, ते आपण त्याला म्हणू दिले म्हणून. भिंतीवर चढणाऱ्या मामाने भाचीच्या हातातील किल्ली काढून क्लासवाल्याच्या हाती दिली, हा त्याचा सरळ अर्थ.

सरकारची बाजूही कोरी नाही. विज्ञानाला मास्तर नाही, ज्युनिअर कॉलेजच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या, तासिका तत्त्वावर येणारा पदवीधर पगाराची वाट बघत शिकवितो. जेथे शिकविलेच नाही तेथे पोर चिठ्ठीकडे हात करते. रोग दोन्हीकडून आहे.

तामिळनाडूने काय केले ते पाहण्यासारखे आहे. तो आपल्यासारखाच ब्राह्मणेतर चळवळीचा मुलूख. जस्टिस पक्ष आणि पेरियार रामस्वामी यांची भूमी. नीट आली तेव्हा तेथील सरकारी शाळांतून मेडिकलला जाणारी मुले बोटांवर मोजण्याइतकी राहिली. २०२० साली त्यांनी कायदा केला : जे मूल सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकले आणि नीट पास झाले, त्याच्यासाठी शेकडा साडेसात जागा वेगळ्या. त्यानंतर दरसाल शेकडो मुले सरकारी शाळांतून डॉक्टरकीला जाऊ लागली. नीट तीच, प्रश्न तेच. फक्त क्लासात शिकलेल्याची आणि सरकारी बाकावर शिकलेल्याची रांग वेगळी केली. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या आणि आश्रमशाळांच्या मुलांसाठी असे का होऊ नये? ही मागणी आपल्या आमदारांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटते. मते मागावयास ते या गल्लीत येतातच.

हे झाले मोठ्या रांगांचे. लहान दारांकडेही बघा, कारण आपल्या बहुतेक मुलांचा रस्ता तेथूनच जातो. बी.ए., बी.कॉम., साधी बी.एस्सी. यांचा प्रवेश अजून बारावीच्याच निकालावर होतो. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा दहावीच्या गुणांवर होतो. सुताराच्या, लोहाराच्या पोराला त्याचे हात जाणतात अशी ही विद्या आहे आणि जालन्याच्या स्टील कारखान्यांत, बियाण्याच्या कंपन्यांत तिला काम आहे. तो डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात थेट जाता येते, तेथे सीईटी आडवी येत नाही. हा पाठीमागचा दरवाजा नव्हे, चांगला रुंद दरवाजा आहे. पण क्लासवाला तो तुम्हांला दाखविणार नाही. आम्ही स्वतः बारावीच्या गुणांवर अध्यापक विद्यालयात गेलो आणि दोन वर्षांत मास्तर होऊन निघालो. आता मास्तरकीलाही टीईटी आहे, टेट आहे. २०२५ च्या सप्टेंबरात तर सर्वोच्च न्यायालयाने नोकरीतल्या जुन्या गुरुजींनासुद्धा टीईटी पास व्हावयास सांगितले. तेव्हा परीक्षेचा धसका तुमच्याच घरी आहे असे समजू नका.

आणि दार कोणते आहे हे न कळल्याने काय होते त्याचा ताजा दाखला देतो. २०२४ पर्यंत बीबीए, बीसीए हे कोर्स बारावीच्या गुणांवर मिळत. त्या वर्षी पहिल्यांदाच त्यांना सीईटी लागली. कितीतरी मुलांना पत्ताच नव्हता. अर्ज इतके कमी, की सरकारला त्याच साली दुसऱ्यांदा सीईटी घ्यावी लागली. २०२५ साली अकरावीचा प्रवेश सगळ्या राज्यात एकाच ऑनलाइन पद्धतीने झाला. लाखोंनी जागा रिकाम्या राहिल्या आणि तरी कितीतरी मुले मनाजोगे कॉलेज मिळाले नाही म्हणून रडली. शेतीच्या पदवीलाही आता सीईटी आहे, नर्सिंगच्या पदवीलाही, पाच वर्षांच्या वकिलीलाही. बारावीच्या परीक्षेच्या आधीच, हिवाळ्यात, या परीक्षांचे अर्ज निघतात. निकालाची वाट पाहून अर्ज करू म्हणणाऱ्याची गाडी स्टेशनातून गेलेली असते.

म्हणून आता ज्यांची मुले दहावी-अकरावीत आहेत त्यांना कामाच्या चार गोष्टी. जातीचा दाखला आहे, एवढ्यावर स्वस्थ बसू नका. व्यवसाय शिक्षणाला राखीव जागेतून प्रवेश पाहिजे तर जात-वैधता लागते, आणि तिचा अर्ज अकरावी-बारावीत कॉलेजमार्फत जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडे करावयाचा असतो. पणजोबाच्या शाळेतील निर्गम उतारा, जुनी खासरापत्रके शोधावयास दिवस लागतात. मोडी आणि उर्दू कागद वाचणारी माणसे थोडी राहिली आहेत. इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त आणि विशेष मागासवर्गातील मुलांना दहावीनंतर ‘महाज्योती’ या सरकारी संस्थेकडून नीट, जेईई, सीईटीची तयारी फुकट मिळते, टॅब आणि इंटरनेटसुद्धा. जोतीरावांच्या नावाची ही संस्था आहे आणि आपल्या वस्तीत तिचे नाव माहीत असलेली घरे आम्हांला फार थोडी भेटली. नॉन-क्रिमिलेअर दाखल्याची मुदत असते, तो संपलेला देऊ नका.

मुलींच्या आयांना खास सांगणे. २०२४ सालापासून महाराष्ट्रात व्यवसाय शिक्षणाला सरकारी प्रवेश प्रक्रियेतून गेलेल्या मुलीची शिकवणी फी आणि परीक्षा फी सरकार भरते. घरचे उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत पाहिजे आणि ती इतर मागास, आर्थिक दुर्बल किंवा सामाजिक-शैक्षणिक मागास गटात पाहिजे. अनुसूचित जाती-जमातींची सवलत आधीपासून आहेच. ‘पोरीच्या फीला पैसा कोठून आणू’ म्हणून बारावीनंतर स्थळ पाहणाऱ्या बापाला हे वाक्य दोनदा ऐकवा. मात्र प्रवेश त्या प्रक्रियेतून झाला पाहिजे. कॉलेजने परस्पर, मॅनेजमेंट कोट्यातून दिलेली जागा या सवलतीत बसत नाही. तेथे गोड बोलून सही घेतात.

पुढच्या रविवारी सकाळी नऊपासून आम्ही आणि दोन सहकारी शिक्षक येथेच बसणार आहोत. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, शिधापत्रिका, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि वडील-आजोबांचे जे काही जुने शाळेचे कागद सापडतील ते घेऊन यावे. मूळ कागद कोणाकडे ठेवू नयेत, आमच्याकडेही नाहीत, झेरॉक्स आणाव्या. मुलगा किंवा मुलगी बरोबर पाहिजे, कारण अर्ज त्यांच्याच हाताने भरून घ्यावयाचा आहे.